मागे पडलेली पात

सेहेचाळीस साली आकाराम ब्रह्मदेशाच्या लढाईवरून घरी आला, मिरजेच्या ठेसनावर उतरून चालतच कृष्णाकाठी पोचला, आणि आल्याबरोबर त्यानं वाटायला सुरुवात केली. बूट चुलतभावाला दिले, मनगटावरचं घड्याळ मेव्हण्याला, पलटणीचं कांबळं म्हाताऱ्या कोंडीबातात्याला.

"पोराचं मन लय मोठं झालं गड्या," गाव म्हणालं. गावाचं काय, फुकट घड्याळ मिळालं की देणाऱ्याचं मन मोठंच दिसतं.

त्याची बायको भामाबाई मात्र रिकामी होत जाणारी खुंटी बघत होती. नवरा पाव्हण्यासारखा जेवायचा, वाढलं तेवढंच. दिवसभर विहिरीच्या काठावर बसायचा. परवा तर त्यानं तिला बियाण्याची कणगी कुठली, बांधावरची बाभळ कुणाची, सगळं नीट समजावून सांगितलं. असं समजावून कोण सांगतं? गावाला निघालेला माणूस.

तिनं विचारलं नाही. विचारायला तो शब्द उच्चारावा लागला असता, आणि घरात अभद्र बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, हे तिला तिच्या आईनं आणि आईला तिच्या आईनं सांगितलेलं. सासू अंबूबाईही म्हणायची, "थकलाय गं. खाऊनपिऊन हुईल बरा." मग दोघी मिळून त्याला तूप वाढायच्या.

फाल्गुनातल्या एका सकाळी, ऊन चटके देत असताना, कोंडीबातात्या ते कांबळं खांद्यावर टाकून दारात उभा राहिला. पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला जाऊन आलेला माणूस, एक पाय जरा ओढत चालायचा. आकाराम विहिरीकडं गेला होता.

"तात्या, उन्हाचं कांबळं कशाला?"

"ह्याचंच इचारायला आलोय सूनबाई. आमच्या पलटणीत एकानं असंच समदं वाटलं हुतं. आमी म्हणलो, दिलदार गडी. आठ दिसांनी कळलं." तात्यानं आवाज खाली आणला. "त्याला इचारलंस का, मरायचं..."

भामाबाईनं पदर तोंडावर घेतला. "आवं, घरात त्यो शबुद नका घिऊ!"

तात्यानं तुळईकडं बघितलं, उंबऱ्याकडं बघितलं. हसला नाही.

"बरं. मग रानात घेतो. उद्या तुमचा शाळू काढायचा, सावडीनं माणसं आणतो. तवर त्याला इहिरीवर एकटा सोडू नगं."

सावड म्हणजे पैशाचं काम नव्हे. आज तुम्ही आमच्या रानात, उद्या आम्ही तुमच्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच माणसं आली. बांधाला पाठ करून एक ओळ उभी राहिली आणि ज्यानं त्यानं आपली पात, म्हणजे आपल्या वाट्याची रांग, धरली. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी; ती मुळासकट उपटायची, माती झटकायची, मागं टाकायची. बायका पेंढ्या बांधत मागून येत होत्या. आकारामला मध्यात घेतलं होतं. शेजारच्या पातीवर तात्या.

घटकाभर ओळ सरळ चालली. मग आकारामचे हात संथ झाले. ओळ पुढं गेली, त्याची पात मागं पडली, आणि उभ्या शाळूत तो एकटाच थांबून राहिला. हातात शाळूचं ताट धरलेलं, उपटायचं मात्र विसरलेलं.

तात्या पाय ओढत मागं आला. भामाबाई पेंढीवर वाकलेली होती. ती तशीच राहिली.

"आकाराम, मरायचं मनात येतंय का रं?"

भामाबाईनं डोळे मिटले. रानात वास्तू नसते, पण आभाळ तर असतं. तिनं वाट बघितली.

आभाळ काही बोललं नाही. बोलला तो आकाराम.

"व्हय तात्या. रोज येतंय. लढाईत केरबा माज्या शेजारी हुता. त्यो ऱ्हायला तितंच, मी आलो. त्याच्या आईला तोंड कसं दाखवू?"

आल्यापासून तो मनातलं असं कधीच बोलला नव्हता. भामाबाईनं डोळे उघडले. ज्या शब्दाला ती घाबरत होती, तो बाहेर पडला होता, आणि नवरा होता तिथंच उभा होता. उलट त्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसत होतं.

"आज बी येतंय?"

"आज बी."

"मग आज तू एकटा ऱ्हायचा न्हाईस. माज्याकडं निजायचं, न्हाईतर मी तुज्याकडं येतो. मी घोरतो, ते तेवढं सोसायचं." तात्या ढेकळावर बसला. "मला बी यायचं, बसऱ्याहून आल्यावर. घरात कुणी इचारीना. एक धनगर मेंढरं बसवायला रानात आलता, त्यानं इचारलं. तोंडावर. त्याचं नाव बी मला ठावं न्हाई बघ. मिरजेला एक डाक्टर हाय, पलटणीतल्या माणसांचं ऐकून घेतो म्हणत्यात. आपुन दोगं जाऊ. केरबाच्या आईकडं बी दोगंच जाऊ."

आकाराम रडू लागला. बापई माणूस, भर उन्हात, सगळ्यांदेखत. भामाबाईला वाटलं, आता लोक टकामका बघतील.

तिनं वळून बघितलं आणि तिच्या अंगावर काटा आला.

ओळ पलीकडच्या बांधाला पोचली होती. पाण्याचा घडा तिथंच होता, पण त्याला कुणी हात लावला नव्हता. कुणी हाक मारली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. सगळी माणसं वळली होती आणि आकारामच्या पातीत शिरून, समोरून, शाळू उपटत त्याच्याकडं येत होती. घड्याळवाला मेव्हणा, बूट घातलेला चुलतभाऊ, सगळी. उभ्या पिकाची भिंत तिच्या डोळ्यांदेखत पातळ होत गेली. देवळातही तिचे हात कधी असे आपोआप जुळले नव्हते.

आकारामनं नाक पुसलं. हातातलं ताट उपटलं, माती झटकली, मागं टाकलं. मग पुढचं. ओळ आणि तो मध्यावर भेटले.

"लय घाम काढलास लेका," मेव्हणा म्हणाला, आणि पहिलं पाणी त्याला दिलं.

जेवायला बसल्यावर तात्यानं ते कांबळं आकारामच्या मांडीवर ठेवलं. "हे ठिव. थंडीत लागंल."

आकाराम बराच वेळ कांबळ्यावरून हात फिरवत बसला. मग वाढायला आलेल्या अंबूबाईकडनं त्यानं कधी नव्हे ती आणखी एक भाकरी मागून घेतली.

"तात्या," तो शेवटी म्हणाला, "तुमचा शाळू कवा काढायचा?"