ठोकलेली गाडी

गोकुळला गाडी हवी होती ती काही मिरवायला नव्हे. त्याच्या आईचे, सारजाबाईचे, दोन्ही गुडघे कामातून गेले होते आणि करमाडच्या घरात बसून बसून म्हातारी कावून गेली होती. मोटारसायकलवर बसता येत नव्हतं, बसची पायरी चढवत नव्हती, आणि दर वेळी रिक्षा करून शहरात आणायचं म्हटलं तर शेंद्र्याच्या कंपनीतला पगार रिक्षावाल्याच्याच नावावर करून द्यावा लागला असता. दोन वर्षांत बाईनं एक लग्न पाहिलं नव्हतं की एक बारसं. फोन केला की एकच पालुपद. "माझं काय बाबा, मी आपली ओट्यावर बसून रस्त्याच्या गाड्या बघते." हे ऐकलं की पुंडलिकनगरातल्या दोन खोल्यांत गोकुळच्या घशाखाली घास उतरत नसे.

आणि गाडीसाठी जमलेले पैसे किती, तर एक लाख चाळीस हजार. त्यातही बायकोच्या, श्रेयाच्या, भिशीचे पस्तीस होते. एवढ्यात येऊन येऊन काय येणार? तीन महिने तो रोज जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर जुन्या गाड्या बघायचा. डोळ्यांत भरणारी खिशात बसत नव्हती आणि खिशात बसणारी धड नव्हती. बजाजनगरात एक बघायला गेला तर तिच्या दाराची कडी हातातच आली, आणि मालक वर म्हणतो कसा, "तुम्ही जोरात ओढली राव!"

शेवटी दिवाळीनंतर समर्थनगरातली एक गाडी दिसली. पांढरी, डिझेल, दोन हजार तेराची. चाललेली दोन लाख अकरा हजार किलोमीटर. आकडा वाचून श्रेयानं कपाळाला हात लावला, पण कडुबा म्हणाला, "वहिनी, आकड्याला भिऊ नका. ज्यानं खरा आकडा ठेवलाय त्यानं गाडी पण नीट ठेवलीच असंल. चला, बघू तर."

हा कडुबा म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्तरी. जुनी गाडी घ्यायची तर लोक त्याला सोबत नेत, आणि त्याची एक रीत होती. मालकासमोर त्यानं गाडीची तारीफ केली, की समजायचं गाडी खटारा आहे, चहा पिऊन गुमान निघायचं. आणि त्यानं गाडीला नावं ठेवायला सुरुवात केली, की समजायचं सोनं आहे, सोडू नका. नावं ठेवायची ती भाव पाडायला. असं सगळेच करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. गोकुळलाही तेव्हा वाटलं नाही.

गाडीची मालकीण दमयंतीबाई. वय सत्तरीच्या जवळ, बारीक अंगाची, नीटस साडी, बोलणं मऊ. नवरा हेमचंद्र पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आणि चैत्रात गेलेला. मूलबाळ नाही. गाडी बाईंच्या नावावर करून झाली होती. "मला चालवता येत नाही हो," त्या म्हणाल्या. "उभी राहून खराब होते, ते बघवत नाही. यांनी फार जपली होती. एक ओरखडा आला तरी घरी येऊन आधी मला दाखवायचे, मग चहा."

कडुबानं बॉनेट उघडलं, ऑइलची काडी पुसून पाहिली, खाली वाकून टॉर्च मारली, गाडी सुरू करून कान लावला. मग हात पुसत त्यानं सुरू केलं. टायर गेलेत. क्लच अखेरच्या घटका मोजतोय. बॅटरी आज हाय, उद्या नाय. गोकुळच्या मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या, कारण इतकी नावं कडुबानं आजवर कुठल्याच गाडीला ठेवली नव्हती.

बाईंनी एक लाख ऐंशी सांगितले होते. टायर आणि क्लच ऐकून त्या एक पासष्टवर आल्या आणि तिथं मात्र थांबल्या. "याच्याखाली नाही जमणार. त्यांच्या माघारी त्यांची वस्तू मी मातीमोल करायची नाही." एक चाळीसच जमलेत म्हणून गोकुळनं विनवणी केली, आईचे गुडघे सांगितले. बाईंना वाईट वाटलं, पण भाव हलला नाही.

हातातोंडाशी आलेली गाडी पंचवीस हजारांसाठी जाणार, ह्या विचारानं गोकुळचं डोकं फिरलं. आणि तो बोलून गेला, "काकू, बोलणार नव्हतो, पण गाडी ठोकलेली आहे."

कडुबानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. ठोकलेली? गाडीचा मूळ रंग शाबूत होता! पण गिऱ्हाईकाला तोंडघशी पाडणारा कडुबा नव्हे. त्यानं डाव्या दरवाज्यावर बोटांनी टकटक केली आणि मान हलवली. "व्हय. डाव्या अंगानं. काम भारी केलंय, कुणाच्या ध्यानात येणार नाय. पण ठोकलेलीच."

"शक्य नाही," दमयंतीबाई म्हणाल्या. "हे मला सांगितल्याशिवाय राहिले नसते."

इथं तरी गोकुळनं गप्प बसायचं! पण नाही. आयत्या वेळी जीभ अशी काही तल्लख होते की विचारू नका. समजुतीच्या सुरात, मोठ्या माणसासारखा तो म्हणाला, "काकू, माणसं घरी सगळं सांगत नसतात."

बाई गाडीच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या, दरवाज्यावरून हात फिरवला, मग आत गेल्या त्या बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. किल्ली गोकुळच्या हातात देत म्हणाल्या, "एक चाळीस म्हणालात ना? घेऊन जा."

परत येताना कडुबानं स्टिअरिंगवर थाप मारली. "गोकुळभाऊ, तू तर माझा बी बाप निघालास!" दोघं पोट धरून हसले. खोटं कशाला बोला, त्या दिवशी गोकुळला लाज वाटली नाही, आपण हुशार आहोत असंच वाटलं.

आणि गाडीनं सुख दिलं, ते भरभरून दिलं. सारजाबाई पुढच्या सीटवर बसून करमाडहून शहरात गुडघ्यांच्या व्यायामाला येऊ लागली, माहेरच्या लग्नाला गेली, नातेवाइकांना उगाच हॉर्न वाजवून दाखवायला लावू लागली. कडुबानं सांगितलेलं एकही दुखणं गाडीला नव्हतं.

फेब्रुवारीत एजंटाचा फोन आला. गाडी नावावर करण्याच्या एका फॉर्मवर बाईंची सही राहून गेली होती. त्या शनिवारी आईला खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला न्यायचंच होतं, तेव्हा वाटेत सही घेऊ म्हणून गोकुळ समर्थनगरात थांबला. आई गाडीतच बसली. तो एकटा आत गेला.

दमयंतीबाई चांगल्याच खंगल्या होत्या. हेमचंद्रांच्या फोटोपुढं दोन समया होत्या. गोकुळनं सहज विचारलं, "दोन कशाला, काकू?"

"एक यांच्यासाठी," त्या म्हणाल्या. "आणि दुसरी त्या माणसासाठी."

"कोणत्या?"

बाईंनी त्याला बसवलं. सांगावं की नाही, असा थोडा विचार केला आणि मग सांगितलं. सात वर्षांपूर्वी हेमचंद्र एकटेच नांदेडला गेले होते आणि एक दिवस उशिरा परतले. जिंतूरजवळ गाडीचा पट्टा तुटला, मिस्तरी मिळाला नाही, असं म्हणाले. त्यानंतर त्यांनी अंधार पडल्यावर गाडी चालवायची सोडली. डोळ्यांना त्रास होतो म्हणायचे. "तुम्ही त्या दिवशी बोललात आणि माझ्या लक्षात आलं बघा. पट्टा नव्हताच. कुणीतरी गाडीखाली आलं असणार. गाडी तिथंच दुरुस्त करून, रंगवून आणली आणि मला कळू दिलं नाही. सात वर्षं माणूस ते एकटा उरात घेऊन जगला, आणि मी शेजारी बसून भाजीत मीठ कमी आहे का विचारत होते. माझा पुतण्या आहे, श्रीरंग. त्याला खोदून खोदून विचारलं. तो म्हणतो, काकू, असं काही झालेलं नाही. पण मलाच सांगितलं नाही, ते त्याला कुठून सांगणार? कोण होता, कुणाचा होता, जगला की गेला, काही कळायला मार्ग नाही. म्हणून आपली रोज एक वात."

कुठला माणूस आणि कुठलं काय! जो कधी जन्मालाच आला नव्हता, त्याच्या नावानं ही बाई तीन महिने रोज समई लावत होती. आपल्या तोंडातून गेलेल्या दोन वाक्यांनी हे केलं, हे कळून गोकुळला तिथंच जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

"काकू," तो म्हणाला, "गाडी ठोकलेली नव्हती. म्या खोटं बोललो. भाव पाडायचा होता म्हणून. आईशप्पथ सांगतो, गाडीला कधी साधा धक्का बी लागलेला नाय."

दमयंतीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की गोकुळचा जीव भांड्यात पडला. "खरं?" त्यांनी विचारलं. "अगदी खरं सांगतोस?"

"खरं, काकू."

"म्हणजे गाडीचे एक पासष्ट रास्त होते?"

"रास्त व्हते."

"मग ते पंचवीस हजार आणलेस?"

विचारलं ते मायेनंच. त्यात हाव नव्हती, हिशोब नव्हता. त्यांना फक्त कशाला तरी धरून विश्वास ठेवायचा होता. पण गोकुळच्या खिशात डिझेलपुरते पैसे होते आणि खात्यात महिनाअखेरीचे साडेतीन हजार. "आत्ता नायत," तो म्हणाला. "थोडे थोडे करून देतो. दर महिन्याला देतो, काकू."

बाईंच्या चेहऱ्यावर आलेलं ते हळूहळू निघून गेलं. त्या हसल्या. "नको रे बाबा. मला पैसे नकोतच. पण खरं असतं ना, तर तू पैसे घेऊन आला असतास. तू आलास सहीसाठी, माझी अवस्था पाहिलीस आणि तुला कणव आली. मी काय इतकी भोळी आहे?"

"नाय काकू, थांबा. कडुबाला विचारा. त्याला तर पटंल?" गोकुळनं घाईघाईनं फोन लावला, आवाज मोठा केला. "कडुबा, मी समर्थनगरात काकूंच्या घरी बसलोय. त्या समोर हायत. गाडी ठोकलेली व्हती का नव्हती, खरं सांग."

पलीकडे कडुबाला वाटलं, बाई भांडायला उठली, पैसे मागतेय, आपला माणूस अडकलाय. मग तो खणखणीत आवाजात म्हणाला, "ठोकलेलीच व्हती! शंभर टक्के, डाव्या अंगानं. पाहिजे त्या मिस्तरीला दाखवा म्हणावं. सौदा झाला, आता बोलायचं काम नाय."

"आरं कडुबा, खरं सांग म्हणतोय ना मी! तुझ्या पाया पडतो!"

"इमानदारीनं खरंच सांगायलोय," कडुबा म्हणाला, आणि दोस्ताला वाचवल्याच्या समाधानात त्यानं फोन ठेवला.

गोकुळला रडू आवरेना. दमयंतीबाईंनी त्याच्या हातातून फॉर्म काढून घेतला, चष्मा लावला, सावकाश सही केली. मग उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "उगी. तुझा काय दोष? तू त्या दिवशी खरं बोललास म्हणून मला कळलं तरी. नाहीतर त्यांचं दुःख कुणालाच ठाऊक न होता गेलं असतं." गोकुळनं पुन्हा काही सांगायला तोंड उघडलं, पण आता जे सांगावं ते बाईंना दयेपोटीचं खोटंच वाटणार होतं. त्याच्याकडे खरं होतं आणि ते कुणी घेत नव्हतं.

त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या. गाडीकडे त्यांनी पाहिलं नाही. खिडकीशी वाकून सारजाबाईला नमस्कार केला आणि म्हणाल्या, "तुमचा मुलगा फार चांगल्या मनाचा आहे हो. दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेणारा आजकाल कोण असतं?"

सारजाबाईच्या आनंदाला पारावार उरला नाही. गाडी शहराबाहेर पडेपर्यंत तिनं ते वाक्य तीनदा म्हणून दाखवलं. "शिकलेली बाई हाय ती, उगं नाय म्हणायची," ती म्हणाली. "तुझ्या बापाला ऐकायला पाहिजे व्हतं. आन् तू रडायलास काय, येड्या?"

गोकुळ म्हणाला, डोळ्यांत कचरा गेला. सारजाबाईनं पदराचं टोक पुढं केलं, आणि त्यानं ते घेतलं नाही.