कोरडी छत्री

मुलांनो, एक लांबट खोली डोळ्यांसमोर आणा. टेबलाच्या दोन टोकांना फिल्मची रिळं, मधे काचेखाली दिवा, आणि त्यावर वाकून वाकून पाठीचं धनुष्य झालेली एक मावशी. जुन्या सिनेमांची फाटकी फिल्म सांधणं हे तिचं काम. गेला दीड महिना ती एका जुन्या इटालियन खुनाच्या सिनेमाला जुंपलेली होती. गोष्ट काय, ते तिला विचारू नका. तिला दिसत ते ओरखडे, डाग आणि तुटक्या कडा.

गोष्ट बघायची तिची भाची. शाळा सुटली की टेबलाच्या छोट्या पडद्यापुढं स्टूल ओढून बसायची. पावसातलं हॉटेल, काळे हातमोजे, जिन्यावरची पावलं.

"मावशे, वेटरच खुनी आहे बघ!"

"असेल बाई. तो डबा दे इकडं."

त्या दिवशी शेवटचं रीळ संपत आलं होतं. पाचला सिनेमा न्यायला थिएटरची गाडी येणार होती. पडद्यावर म्हातारा इन्स्पेक्टर डॉक्टरकडे वळला. भाचीनं खालची अक्षरं मोठ्यानं वाचली, "पावसातून आलात म्हणता. मग दारातली तुमची छत्री कोरडी कशी?"

ती ताडकन उठली. "कुठली छत्री? दाखवलीच नाही! ही तर लबाडी झाली."

मावशीचा हात थांबला. पहिल्या रिळात, दाराशी. पाच छत्र्या निथळत्या, आणि एक... बारा फ्रेम, जेमतेम अर्धा सेकंद. कडांच्या चिंध्या झालेल्या. छत्र्याच तर आहेत, म्हणून तिनं त्या अगदी सुरुवातीलाच कापून टाकल्या होत्या.

ती मटकन बसली. "काय डोकं आहे गं या सिनेमा काढणाऱ्याचं! पहिल्या पाच मिनिटांत खुनी आपल्या डोळ्यांसमोर ठेवला. आणि मी त्याच्या गोष्टीचाच गळा कापला."

"मग जोड ना परत."

"सव्वाचार वाजलेत. डोळ्यांची नुसती आग होतेय. आणि कुणाच्या लक्षात येणारेय?"

"माझ्या आलं की."

चष्मा काढून मावशीनं डोळे मिटून घेतले.

भाचीनं जमिनीवर पांढरं फडकं अंथरलं, मावशीचे सुती हातमोजे चढवले, दीड महिन्याच्या कात्रणांची टोपली त्यावर उपडी केली आणि एकेक तुकडा उजेडाकडे धरून ती छत्र्या शोधायला बसली.