बरा दिसला की

धाकट्या दिराने कुत्र्याचा पट्टा वहिनीच्या हातात दिला आणि वाकून बराच वेळ त्याच्या कानामागे खाजवलं. मग हातातली पिशवी टेबलावर ठेवली. तीत कुत्र्याचं अंथरूण, वाडगा, औषधाची बाटली, सगळं धुऊनपुसून भरलेलं.

"किती दिवस ठेवायचा?" मशीनवरचा अर्धा शिवलेला पडदा बाजूला सारत तिने विचारलं.

"राहू दे की. तुमच्याकडे रमतो तो."

तो हसला. दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री. थोरल्याला, तिच्या नवऱ्याला, तर हायसं वाटलं. आला एकदाचा गडी माणसांत, असं म्हणत त्याने भावाच्या पाठीवर थाप मारली.

गेले कित्येक महिने हा गडी माणसांत नव्हताच. फ्रिज दुरुस्तीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि गप्पांतही नाही. फ्रिजचं दुखणं सांगायला आलेलं गिऱ्हाईक पोट धरून हसत परत जायचं. आधी ते हसणं आटलं. मग झोप गेली, मग भूक. उघडलेल्या फ्रिजसमोर तो तासन्‌तास नुसता बसून राही. थोरल्याचं समजावून झालं, रागावून झालं, डोकं रिकामं ठेवलं की असंच होतं, हेही ऐकवून झालं. वहिनीने दोनदा डॉक्टरचं नाव काढलं, तर तो काय वेडा आहे का, म्हणून नवऱ्याने तिला गप्प केलं होतं.

चहा पिऊन दिराने कप स्वतः विसळला. दारात तो क्षणभर थांबला.

"वहिनी, तुम्ही माझं फार केलंत."

तो गेल्यावर ती पुन्हा मशीनवर बसली. दोरा तुटला. ओवला, पुन्हा तुटला. कुत्रा दाराकडे तोंड करून बसला होता. तिने मशीन बंद केलं आणि गाडी काढायला सांगितली.

"अगं, आत्ताच तर गेला," थोरला म्हणाला. "चांगला बरा दिसला की."

"म्हणूनच म्हणते. चला."

दिराच्या दुकानामागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. फरशी लख्ख. हत्यारं पुसून कापडात बांधलेली. गिऱ्हाइकांचे सगळे फ्रिज दुरुस्त होऊन भिंतीशी ओळीने उभे. एकही काम मागे ठेवलेलं नव्हतं. तो पलंगाच्या कडेला बसला होता. त्यांना पाहून दचकला, पण उठला नाही.

ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. थोरला दारातच उभा राहिला.

"भावजी, सरळच विचारते. जीव द्यायचं मनात आहे?"

थोरला काहीतरी बोलणार होता. तिने मागे न बघताच हात वर केला. ओळीतला एक फ्रिज घरघरत सुरू झाला.

"आजच," दीर म्हणाला. मग म्हणाला, "ठरवल्यापासून बरं वाटतंय, वहिनी."

"वाटतं. फार हलकं वाटतं. मग माणूस घर आवरायला घेतो."

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

"धाकटी लेक झाली त्या वर्षी," ती शांतपणे म्हणाली. "घरात कोणी नसायचं. त्या दिवशी शेजारीण सहज म्हणून आली आणि बसूनच राहिली. मीही आज तशीच बसणार आहे. नाहीतर तुम्ही माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

दारातल्या माणसाने चौकट घट्ट धरली.

शेवटी दीर उठला; तिघं गाडीत बसली. मागच्या सीटवर तिने दिराचा हात धरून ठेवला होता. मग तो रडला; तिने रडू दिलं. पुढे बसलेला थोरला आरशातून मागे बघत होता, पण भावाकडे नव्हे.

डॉक्टरांच्या दारातून नर्सने पेशंट कोण म्हणून विचारलं. दीर उठला. त्याच्यामागोमाग थोरलाही उठला.

"आधी हा," तो म्हणाला. "मग हिलाही भेटायचंय."

आपल्याला आता काही नाही, ते जुनं झालं, असं सांगायला वहिनीने तोंड उघडलं. नर्स वाट बघत थांबली. पण वहिनीने आपलंही नाव सांगितलं.