करपलेली काकवी

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते अबूबकरने कतारमध्ये येऊन करून दाखवलं. तो या बंगल्यावरचा ड्रायव्हर, राजापूरकडचा. मी धनाजी, इथला माळी, शिरोळचा. फाटकाशेजारच्या एका खोलीत आम्ही दोघं राहतो. खोलीला खिडकी नाही, एसीची घरघर तेवढी आहे. त्याने गाडी घेऊन बाहेर पडायचं, मी पाण्याची नळी घेऊन. बाकी सगळं कुंपणाच्या आत.

अंगणात खजुराची झाडं आहेत. उन्हाळ्यात पिकलेले खजूर खाली पडून पायदळी जायचे आणि अबूबकरचा जीव तुटायचा. एका शुक्रवारी त्याने ते वेचले, भिजत घातले, कुस्करून फडक्यातून गाळले आणि आमच्या हॉटप्लेटवर रस आटवायला ठेवला. मळी कधी काढायची, तार कधी येते, हे मी सांगितलं. गुऱ्हाळाच्या गावचा माणूस गप्प बसेल होय? झाली की चक्क खजुराची काकवी! आम्ही ती घावनाबरोबर चाटूनपुसून खाल्ली. मग दर शुक्रवारी हाच उद्योग. खोलीत गोड वास कोंडायचा आणि तेवढा वेळ आम्ही दोघंही आपापल्या गावी असायचो.

इथवर ठीक होतं. पण या बाबाने हौसेने एक बाटली बड्या मॅडमला नेऊन दिली. बडी मॅडम म्हणजे साहेबांची आई. खजुराच्या पाकाला इथे दिब्स म्हणतात, आणि बाजारचा दिब्स म्हातारीला मुळीच आवडत नाही. अबूबकरचा आवडला. झालं! शुक्रवारची हौस संपली आणि रोजची चाकरी सुरू झाली. हॉटप्लेट जाऊन बंगल्याच्या किचनमधलं भलंमोठं पातेलं आलं.

त्यातच गावाकडे त्याच्या तसनीमचा निकाह ठरला. एकुलती एक पोरगी. अबूबकरने रजा मागितली.

"इन्शाल्ला," बडी मॅडम गोड हसून म्हणाली. "पहले दिब्स, बाद में छुट्टी."

आठवड्याने विचारलं, तरी इन्शाल्ला. पासपोर्ट साहेबांच्या कपाटात. तो मागायचा तर कारण सांगावं लागतं, आणि साहेब आईला विचारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाहीत. मला म्हातारीचा संताप यायचा. पण अबूबकर तापाने फणफणला होता तेव्हा तीच स्वतः सूप घेऊन आमच्या खोलीच्या दारात आली होती. शिवी द्यायलाही जागा ठेवत नाही बाई.

"मना जावचा हाय रे, धनाजी," अबूबकर भिंतीकडे तोंड करून म्हणाला. "तिच्या निकाहला बाप नाय, असा कसा व्हयल?"

"आरं मग करपीव की एकदा," मी म्हणालो. "चांगलं काळं कर. तोंडात घातलं की थुकली पायजे. मग कोण ठिवून घेतंय तुला?"

"अन्न जाळू?"

"पोरगी मोठी का पातेलं मोठं?"

दुसऱ्या दिवशी मी किचनच्या दाराशी कुंड्या हलवत होतो. पातेल्यातला रस दाटून आला होता आणि अबूबकर दोन्ही हात पाठीमागे बांधून नुसता उभा होता. तळ लागला, धूर झाला. त्याचे डोळे गच्च मिटलेले होते. धुराच्या वासाने बडी मॅडम काठी टेकत आली. तिने चमच्याने पाक घेतला, फुंकर मारली आणि जिभेवर ठेवला. आम्ही दोघं शिव्यांची वाट बघत राहिलो.

म्हातारी रडायला लागली.

"मेरा अम्मा का दिब्स!" ती म्हणाली. "ऐसाच! लकडी का धुआं, ऐसाच!" लहानपणी तिची आई खजुराच्या झावळ्या पेटवून दिब्स आटवायची म्हणे. इतक्या वर्षांत ती चव कुणाच्या हाताला आली नव्हती. तिने अबूबकरच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्या बहिणींना, सुनांना पाठवायचंय म्हणाली. तसनीमसाठी सोन्याच्या बांगड्या आल्या. "तुम बाद में जाना, आराम से."

उंटावरचा शहाणा कधी बघितला नसेल तर मला येऊन बघा.

निकाहच्या दिवशी किचनमध्ये मसाल्याच्या डब्याला टेकवून त्याने फोन उभा केला. तिकडून त्याची बायको हजरा फोन धरून होती. लाल ओढणीत तसनीम मान खाली घालून बसली होती. इकडे पातेलं रटरटत होतं, मी अबूबकरच्या मागे उभा होतो आणि बडी मॅडम खुर्ची टाकून शेजारी बसली होती. मुलगी बघून तिचेही डोळे भरून आले. तसनीमचा मामू वाकून तिला निकाह कबूल आहे का, ते विचारू लागला. अबूबकरने श्वास रोखला.

"अबूबकर!" म्हातारी ओरडली. "हिलाओ! ज्यादा नहीं जलना!"

सवयीने तो वळला. डाव तळाशी घालून त्याने पाक खरवडला, गॅस बारीक केला. परत फोनकडे बघितलं तेव्हा तिकडे सगळे हात उचलून दुआ मागत होते.

"बोलली?" त्याने मला विचारलं.

"बोलली."

"आवाज कसा व्हता रे? रडली काय?"

"न्हाई. खणखणीत बोलली, बापासारखी."

तो हसला, बाहीने तोंड पुसलं आणि पुन्हा पातेल्याकडे वळला. एक्झॉस्ट फॅनच्या आवाजात मलाही काही ऐकू आलं नव्हतं.