हॅवनबरीचा उंबरा

इंग्लंडला एकदाही न गेलेला माणूस इंग्लंडबद्दल किती बोलू शकतो हे बघायचं असेल, तर चंद्रशेखर देवस्थळींना भेटावं. श्रॉपशर काउंटीतले किल्ले त्यांना तोंडपाठ होते. कुठल्या किल्ल्याच्या खंदकात अजून पाणी आहे, कुठल्या उमरावाच्या बायकोनं बागेत चक्रव्यूह लावून घेतला आणि मग स्वतःच त्यात दोन तास अडकली, सगळं. आणि हे सांगणं कुठे चालायचं, तर मिशिगनमध्ये, नोव्हाय गावच्या घरी, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता. त्यांची बायको वसुधा आठ वर्षं हे ऐकत आली होती. ती निवृत्त बालरोगतज्ज्ञ. तेच ते पुन्हा पुन्हा ऐकून घेण्याचा सराव तिला आयुष्यभराचा होता.

या वेडाचं मूळ घरापासून अर्ध्या तासावर होतं. त्याचं नाव विंडरबी हॉल. शंभर वर्षांपूर्वी अँब्रोज कटलर नावाचा एक कारखानदार गाड्यांच्या स्प्रिंगा विकून गब्बर झाला आणि त्याला साहेबी हवेली हवीशी झाली. ती इथे बांधत बसण्यापेक्षा त्यानं सरळ तिकडून आणली. जिना श्रॉपशरच्या एका हवेलीतला, भिंतींवरचं लाकूडकाम दुसरीतलं, बागेचा आराखडा तिसरीचा. बागेच्या टोकाला हॅवनबरी ॲबीचा दगडी दरवाजा. ॲबी म्हणजे ख्रिस्ती साधूंचा मठ. हा मठ राजाच्या माणसांनी पाचशे वर्षांपूर्वी मोडला, एक दरवाजा तेवढा उभा राहिला, तो कटलरनं पेट्यांत भरून बोटीनं आणला. आता हॉलमध्ये कोणी राहत नाही. तिकीट काढून बघायला जायचं.

चंद्रशेखर एका कार कंपनीत चौतीस वर्षं पार्ट तपासून पास करत होते. त्यांच्या सहीशिवाय पार्ट पुढे जायचा नाही. निवृत्त झाल्यावर तीन महिने त्यांनी वसुधाच्या स्वयंपाकघरातले ड्रॉवर तपासले आणि एकही पास केला नाही. शेवटी तिनंच त्यांना हॉलच्या स्वयंसेवक गाइडचा फॉर्म आणून दिला. त्या शनिवारांनी संसार वाचवला, असं ती मैत्रिणींना सांगायची, आणि त्यात चेष्टा अर्धीच असायची.

यंदा मे महिन्यात महाराष्ट्र मंडळाची सहल विंडरबीला निघाली. अठरा माणसं, डब्यांत पोळीचे रोल, आणि माहिती सांगायला अर्थात चंदूकाका. वसुधा बऱ्याच वर्षांनी त्यांच्या टूरला आली होती, कारण टूर तिला घरीच ऐकायला मिळत असे. पण बघता बघता तीही रंगली. माणूस खरंच छान सांगत होता. जिन्याचा कठडा दाखवताना त्यांचा हात त्यावरून असा फिरत होता, की वसुधाला क्षणभर त्या कठड्याचा हेवा वाटला.

शेवटी सगळे बागेच्या टोकाच्या दरवाजाशी आले. इथे चंद्रशेखर आवाज खाली आणत.

"आता या उंबऱ्याकडे बघा," ते म्हणाले. "चारशे वर्षं साधू या दगडावर पाय ठेवून प्रार्थनेला गेले. आज तुम्ही त्याच जागी पाय ठेवा."

अमेरिकन पाहुणे इथे गप्प होत आणि जपून पाऊल टाकत. मराठी मंडळी मात्र जागीच घुटमळली. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, हे प्रत्येकाला लहानपणी कोणी ना कोणी रागावून शिकवलेलं. खुद्द चंद्रशेखर आठ वर्षं दुसऱ्यांना त्यावर उभं करून स्वतः तो ओलांडत आले होते, आणि हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

वसुधानं तिच्या सवयीप्रमाणे केलं. वाकली, उंबऱ्याला बोटं लावली, कपाळाला लावणार एवढ्यात थांबली. परत वाकली. तळवा दगडाच्या मध्यावर ठेवला, कडेवर ठेवला, कडेवरून अंगठा फिरवला.

"अहो," ती म्हणाली, "हा झिजलेलाच नाही."

तिला ते मोठ्यानं म्हणायचं नव्हतं. पण कुतूहल ही वसुधाची जुनी खोड, आणि ते तिच्या तोंडातून तिला न विचारता बाहेर पडत असे. नवऱ्याची आत्या केस काळे करून लग्नाला आली, तेव्हाही असंच झालं होतं.

"म्हणजे?" चंद्रशेखर म्हणाले.

"देवळाचा उंबरा कसा असतो, मध्ये बशीसारखा खोलगट. हात लावला की कळतं. याची तर कड पण बोचते."

शरयू नावाची एक मुलगी पुढे झाली. ती नागपूरची, इथे सिव्हिलमध्ये मास्टर्स करत होती. तिनं वाकून हात लावला. "काकू करेक्ट बोलताहेत हो," ती म्हणाली. "सरफेस एकदम फ्लॅट आहे. चारशे वर्षांचा ट्रॅफिक वाटत नाही, काका."

मग काय, अठराच्या अठरा जणांना हात लावून बघायचं होतं. एकेक जण वाकून दगड चाचपू लागला. मागून येणारं एक अमेरिकन जोडपं थोडा वेळ बघत राहिलं, आणि इथली हीच पद्धत असेल असं समजून भक्तिभावानं वाकून हात लावून पुढे गेलं. सगळे हसले. चंद्रशेखर हसले नाहीत.

परतताना गाडीत वसुधा हायवेवरून बाहेर पडेपर्यंत तीनदा सॉरी म्हणाली.

"सॉरी कशाला? तू बरोबर आहेस," ते शेवटी म्हणाले. "मी न तपासता पास केला तो पार्ट. आठ वर्षं."

त्यांनी हॉलची मॅनेजर मेगन हिला मेल लिहिली. मेगननं लगेच फोन केला. कागद म्हणाल तर एक जुनं पत्र आणि पेट्यांचा एक फोटो, बाकी काही नाही, असं ती म्हणाली. पण तुमची गोष्ट लोकांना फार आवडते, तशीच सांगत राहा ना, कोण विचारतंय! हे ऐकून चंद्रशेखर आणखीच खचले. खरं काय ते कळलं नाही तर येत्या शनिवारी शेवटचं जाईन, चाव्या आणि गाइडचा शर्ट देऊन येईन, असं त्यांनी जाहीर केलं. संध्याकाळी ते पुन्हा मसाल्याच्या ड्रॉवरपाशी उभे राहिलेले वसुधाला दिसले. ड्रॉवरचं काय एवढं. पण शनिवारी सकाळी गुणगुणत दाढी करणारा माणूस आपण आपल्या तोंडानं घालवला, हे तिला सोसेना.

आणि तरी, खरं सांगायचं तर, अपराधीपणाच्या शेजारी कुतूहलही चांगलं मांडी घालून बसलं होतं. मंगळवारी ती एकटीच तिकीट काढून विंडरबीला गेली. दरवाजाच्या दोन्ही बाजूंचे खांब तिनं खालपासून वरपर्यंत चाचपले. खांद्याच्या उंचीला ते गुळगुळीत होते, अगदी साबणाच्या वडीसारखे. किती खांदे घासले असतील! मग खांब जुने आणि उंबरा नवा? तिथेच ती गवतात बसून राहिली. एक चिपमंक, आपल्या खारीचा इकडचा भाऊ, गालात काहीतरी कोंबून आला आणि उंबऱ्याच्या कोपऱ्यातल्या भोकातून दगडाखाली गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आत एवढी जागा कशी, असं तिच्या मनात येऊन गेलं.

खांबांचं तिनं घरी सांगितलं. चंद्रशेखर म्हणाले, "असतील जुने. पण मी लोकांना पाय खांबावर नाही ठेवायला सांगत."



गुरुवारी त्यांनी परत द्यायचा शर्ट धुऊन इस्त्रीला काढला. हिरवा, खिशावर विंडरबीचं नाव. वसुधानं तो हातात घेतला. कॉलर घडीवर पार विरली होती. आठ वर्षांचे शनिवार. सांगलीला तिच्या शिक्षक वडिलांचे शर्ट असे झाले, की आई ते गल्लीतल्या शिंप्याकडे टाकायची. तो कॉलर उसवायचा, उलटवायचा आणि विरलेली बाजू आत घालून परत शिवून द्यायचा. शर्ट आणखी चार वर्षं शाळेत जायचा आणि वर्गातल्या कोणाला पत्ता लागत नसे.

ती इस्त्री तशीच ठेवून गराजकडे पळाली.

"अहो, उलटवला असेल तर?"

"काय उलटवला?"

"उंबरा! झिजलेली बाजू खाली घालून. पाणी साचत असेल, लोक अडखळत असतील. गवंड्यानं उलटा करून बसवला असेल. म्हणून तर त्या चिपमंकला खाली घर मिळालं. दगड जर सपाट टेकला असता, तर तो मेला आत शिरला कुठून असता?"

चंद्रशेखर तिच्याकडे बघत राहिले. हा चेहरा तिला ओळखीचा होता. एकदा एका गिअरबॉक्सच्या आवाजावर ते पाच दिवस असाच चेहरा करून जेवले होते. मग ते वळले आणि फडताळातून एक काळी पेटी काढली. आत लांब लवचीक नळी होती, टोकाला वाटाण्याएवढा कॅमेरा आणि दिवा. इंजिन न उघडता त्याच्या पोटात डोकावायला ते ही वापरत.

"बोअरस्कोप," ते म्हणाले. "मेगनला फोन कर. मी चार्ज करतो."

शुक्रवारी सकाळी मेगन चहाचा कप घेऊन हजर होती. आपण काय बघायला आलोय हे तिला नीट कळलं नव्हतं, पण तिलाही राहवत नव्हतं. चंद्रशेखरनी गवतावर सतरंजी टाकली, गुडघ्यांना शिव्या देत आडवे झाले आणि नळी कोपऱ्यातल्या भोकात सरकवली. वसुधानं टॅबलेट धरला.

पडद्यावर आधी पानं आली. मग भुईमुगाची टरफलं, ढीगभर. मग दोन डोळे चमकले आणि मेगन किंचाळली. घरमालक दुसऱ्या दारानं निघून गेला.

"आता वर फिरवा," वसुधा म्हणाली. "वर, वर."

कॅमेरा वर वळला. दगडाची खालची बाजू दिसली. कडेला सपाट, खडबडीत. नळी आत गेली, तसा दगड हळूहळू वर सरकत गेला, कॅमेऱ्यापासून दूर होत गेला, गुळगुळीत होत गेला. मध्यावर त्याला चक्क चकाकी होती. मोठ्या परातीसारखा खोल, एका बाजूला जरा जास्त, जिथे आत शिरणाऱ्याचा पाय पडत असणार.

चंद्रशेखरनी नळीच्या जाडीवरून खोली मोजली. अडीच इंच. पुन्हा मोजली. मग चष्मा काढून ते गवतावर तसेच पडून राहिले आणि रडले. वसुधालाही रडू आलं. इतकं, की टॅबलेट मेगनला धरावा लागला.

"मेगन, हा खरा आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "हॅवनबरीचाच."

मेगन आनंदानं दोघांना मिठी मारून सगळ्यांना सांगायला ऑफिसकडे धावली. आणि ती दिसेनाशी झाल्यावर चंद्रशेखरांचा चेहरा हळूहळू पडला. वसुधाला आधी कळेना.

"आता काय झालं?"

"मी सांगत होतो, त्यांनी जिथे पाय ठेवला तिथेच ठेवा," ते उठून बसत म्हणाले. "पण या बाजूला एकाही साधूचा पाय लागलेला नाही, वसु. दगड खरा, पण माझं वाक्य खोटंच निघालं."

ती दगडाशी वाकली आणि कितीतरी वेळ हात फिरवत राहिली.

"मग या बाजूला पाय कोणाचे लागले?" तिनं विचारलं.

"कोणाचे म्हणजे? टूरला येतात त्यांचे. मी ठेवायला सांगतो ना."

"मग ही बाजू झिजवायला तुम्हीच सुरुवात केलीय की."

चंद्रशेखर तिच्याकडे बघू लागले. मग त्यांची नजर वर कुठेतरी गेली आणि ओठ हलायला लागले. हिशेब चालू झाला होता. "तीस साधू धर. दिवसाला आठ प्रार्थना, जाऊन येऊन सोळा खेपा. गुणिले चारशे वर्षं. आपले शनिवारी चाळीस जण..." ते थांबले. "तेवढा खड्डा पडायला पस्तीस हजार वर्षं लागतील. कमीत कमी."

"त्यातली आठ झाली," वसुधा म्हणाली. "उद्याची टूर किती वाजता आहे?"

"दहाला," ते म्हणाले. तिचा हात धरून उभे राहिले, गुडघे झटकले. "पण आपण नऊलाच निघू. शनिवारी पार्किंग मिळत नाही."