पंचाची सही

मिस्त्रीकाका माझ्या शेजारच्या सरीत कांदे उपटत होते. वडील गेल्यापासून महिनाभर ते रोज सकाळी न बोलावता येत. पाणी तुटून बरेच दिवस झाले होते. माती दगडासारखी झाली होती. जोर लावला की कांदा आतच राही आणि नुसती पात हातात येई.

मी कागद काढला.

"काका, पंचनाम्याची नक्कल मिळाली."

"बरं झालं. ठेव कपाटात."

"वाचून दाखवू?"

"वाचून काय कांदे निघणारेत? ऊन चढतंय, हात चालव."

महिन्यापूर्वी शेताखालच्या वळणावर दिवेलागणीला वडिलांची मोपेड उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली होती. ट्रॉलीला ना दिवा, ना मागे चमकणारी पट्टी. ती काकांच्या भाच्याची. सगळ्यांच्या आधी धावत गेले ते काका. वडिलांचं डोकं त्यांनीच मांडीवर घेतलं होतं.

मी वाचलं. "ट्रॉली रस्त्याच्या बाहेर, मातीवर उभी होती. मागे पट्टी लावलेली होती. मयत स्वतःच्या चुकीने आदळला. खाली पंच म्हणून तुमची सही."

काकांनी पात झटकली. "मी कोऱ्यावर सही केली, पोरी. जमादार म्हणाले, नंतर भरतो. तुझा बाप तरी कधी वाचायचा? सगळा गाव त्याला पंच म्हणायचा, ते काय उगीच?"

ते खरं होतं. वळणावर काही झालं की जमादार आमच्या बांधावरून हाक मारत, "पंच, या जरा." वडील हात धुऊन जात आणि सही करून येत. मी ओरडले की हसत. म्हणत, "सरकारी माणसाला मोकळ्या हाती परत पाठवायचं नसतं गं."

"चाक कुठं होतं, काका? डांबरावर की मातीवर?"

त्यांनी पुढच्या कांद्याला हात घातला.

"तुम्ही तिथं होता."

"डांबरावर." मग मान वर न करता म्हणाले, "दुसऱ्या दिवशी जमादारांनी वाचून दाखवलं मला. म्हणाले, गेलेल्याला आता काय फरक पडतो? राहिलेला आत जाईल. त्याचं लेकरू अजून पाळण्यात आहे."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. आणि महिनाभर ते आमचे कांदे उपटत होते.

"पोलिसांना चाक कुठं होतं ते सांगायला चला माझ्याबरोबर."

"आता फिरवलं तर आधी मलाच धरतील. आणि बहिणीला तोंड कसं दाखवू?"

"मला दाखवताय की."

ते उठले नाहीत. मी एकटी निघाले.

ठाण्यात जमादारांनी खुर्ची दिली. वडिलांच्या ओळखीची खुर्ची होती ती, एक पाय विटेवर. मी म्हणाले, अर्ज द्यायचाय, तपास पुन्हा व्हावा म्हणून.

"उन्हातून आलात, कशाला त्रास घेता," ते म्हणाले आणि कोरा कागद पुढे सरकवला. "खाली सही करा. मी व्यवस्थित लिहून घेतो."

"मीच लिहीन."

"तुमच्या वडिलांनी बारा वर्षांत असा अविश्वास नाही दाखवला." त्यांनी कपाटातून एक जुनं बाड काढलं आणि माझ्यापुढे उघडलं. मला लाजवायलाच. "बघा."

पानाच्या अगदी तळाशी वडिलांची ठसठशीत सही. वर वेगळ्या शाईत, जागा पुरत नाही म्हणून दाटीवाटीनं लिहिलेल्या ओळी. त्याच वळणावर गेलेला सायकलवाला सुतार. 'मयत स्वतःच्या चुकीने.' तेच शब्द, त्याच क्रमानं.

सुताराची बायको आमच्या अंगणात आली होती. दोन तास उभी होती. "तुम्ही खरं काय पाहिलंत तेवढं सांगा," एवढंच म्हणत होती. वडील म्हणाले होते, "कागदात आहे तेच खरं, वहिनी." मी तिला पाणी दिलं होतं. मला वाटलं होतं, दुःखानं बाईचं भान गेलंय.

काकांवर रागावणं सोपं होतं. ह्या सहीवर कसं रागवायचं ते मला कळेना. तीच सही माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर होती.

मी अर्ज लिहिला. चाक डांबरावर होतं, हे काकांनी माझ्यापाशी कबूल केलं तेही लिहिलं. सुताराचा पंचनामाही पुन्हा तपासावा, त्यावरची सही माझ्या वडिलांची आहे आणि ती कोऱ्या कागदावर घेतलेली दिसते, असं शेवटी लिहिलं. हे लिहिताना हात थांबला. मग पुढे गेला. शेवटच्या ओळीला चिकटून सही केली आणि खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ ओढली.

"ही कशाला?" जमादारांनी विचारलं.

"इथं कुणी काही लिहू नये म्हणून. आता मिळाल्याचा शिक्का द्या, माझ्या प्रतीवर."

त्यांनी बराच वेळ शिक्का शोधला. तो समोरच होता. मी तसं सांगितलं.

शेतात परतले तेव्हा काका नव्हते. त्यांची सरी मात्र शेवटपर्यंत उपटून झाली होती, कांदे पात दुमडून ओळीनं मांडलेले. मी माझ्या सरीत बसले. अर्धी बाकी होती.