फळा अडतो कुठे?

आमच्या धाकट्याला, माझ्या भावाला, बडबडीपायी घरात सगळे रेडिओ म्हणायचे. आजारपणात त्याची वाचा गेली, तेव्हा मी त्याला बोलता फळा करून दिला. पडद्यावरच्या अक्षरांवर नजर ठेवायची, वाक्य झालं की फळा ते मोठ्याने बोलतो. प्रोग्रॅम लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम, पण इतका जीव मी ऑफिसात कधी ओतला नाही.

आणि मेला फळा अडायचा! सकाळी जरासा, संध्याकाळी तर चहाचे दोन घोट होईपर्यंत. तोवर लोक भलत्याच विषयावर गेलेले. शेवटी धाकट्याने लिहिलं, "चारचौघांत हा नको. मी गप्प बरा."

मी हात धुऊन मागे लागले. माझ्या प्रोग्रॅममध्ये जुनं काही खोडलं जात नाही. एक अक्षर वाढलं की जुन्याचेच तुकडे वापरून नवं वाक्य उभं राहतं. जुनं कुणालाच नको झालं, की मशीन अधूनमधून थांबून ते झाडून टाकतं. मला वाटलं, कचराच फार होतोय. तो निम्म्यावर आणला. फळा तस्साच!

पण मग संध्याकाळीच जास्त का? कचरा तर दिवसभर सारखाच. तपासलं तर गंमतच निघाली. वेळ टाकायच्या मालाला लागतच नव्हता, ठेवायच्या मालाला लागत होता. दर सफाईत मशीन ठेवलेली एकूण एक वस्तू हाताळून बघायचं. आणि एवढं ठेवलं होतं कुणी? मागे जायच्या बटणाने! चुकलं तर परत फिरता यावं म्हणून ते सकाळपासूनच्या प्रत्येक अक्षराची पायरी धरून बसलं होतं. त्याने सोडल्याशिवाय मशीन टाकणार कसं?

मी धाकट्याला विचारलं, "वाक्य बोलून झालं की हे बटण सगळं सोडून देईल. मग बोललेलं मागे घेता येणार नाही. चालेल?"

त्याची नजर सरसर फिरली. "तुला तरी घेता येतं का?"

रविवारी मामा-मामी जेवायला आले. मी आग्रह केला म्हणून धाकटा फळा घेऊन बसला, तोंड पाडूनच. मी मामाला ऑफिसातला किस्सा सांगत होते, अगदी रंगात आले होते. "मग काय, साहेबांना तोंडावर सुनावलं की..."

"थापा!" फळा म्हणाला. हशा पिकला. तो ओसरायच्या आत पुढचंही आलं, "त्या दिवशी ही रजेवर होती."

मामाला हसून हसून ठसका लागला. सगळ्यांसमोर माझं वाक्य मधेच तोडलं होतं त्याने, वर्षभरात पहिल्यांदा. मला इतका आनंद झाला, की पुढचा किस्सा मी मुद्दाम आणखी फेकून सांगितला.